आबांची डिझेल बुलेट आणि अंधारातले अठ्ठावीस किलोमीटर

पत्राचा गोषवारा : बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातून एका 41 वर्षांच्या वाचकाने लिहिलं आहे. त्यांचे वडील, आबा, पंचक्रोशीत ऑइल इंजिनचे मिस्त्री म्हणून ओळखले जातात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आबांनी भंगारातल्या तीनचाकी टेम्पोचं 395 सीसीचं ग्रीव्हज डिझेल इंजिन जुन्या बुलेटच्या सांगाड्यात बसवलं. गाडी अजून चालते. वाचक अंबाजोगाईत एका लॅबमध्ये कामाला आहेत. जाताना 28, येताना 28 किलोमीटर, आणि महिन्यातले बरेच दिवस परतायला रात्रीचे दहा वाजतात. गाडी 52 चं ॲव्हरेज देते, त्यांना 70 हवं आहे. पन्नासच्या पुढे इंजिन ओरडतं. ट्रॅक्टरच्या जुन्या डायनॅमोवर चालणारा हेडलाइट खड्ड्यात गाडी हळू केली की पिवळा पडतो. त्यांनी 72 वॅटची एलईडी पट्टी लावून पाहिली, तर तिसऱ्या रात्री बॅटरी बसली आणि समोरून येणाऱ्यांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्याच. जूनपासून मुलीला अकरावीसाठी याच गाडीवर अंबाजोगाईला न्यायचा बेत आहे. मात्र आबा म्हणतात, "गाडीला काय धाड भरलीय? हात लावायचा नाही." सत्तरीतल्या बापाला दुखवायचं नाही, पण गाडीतली चूक तर दिसते आहे. करू काय?

उत्तर :

'गाडी ॲव्हरेज देत नाही' एवढ्या चार शब्दांची पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात. तुम्ही मात्र चेन ज्यांवर फिरते त्या चारही दातेरी चकत्यांचे, म्हणजे स्प्रॉकेटचे, दात मोजून पाठवलेत : इंजिनवर 20, क्लचवर 56, गिअरबॉक्सला 16, मागच्या चाकाला 38. मिस्त्रीच्या हाताखाली वाढलेला माणूस असा कळतो. म्हणून मीही पत्र बाजूला ठेवून आधी पेन्सिल घेतली.

56 भागिले 20, गुणिले 38 भागिले 16. उत्तर येतं 6.65. म्हणजे टॉप गिअरमध्ये मागचं चाक एकदा फिरायला इंजिनला पावणेसात फेरे घ्यावे लागतात. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ताशी 50 ला इंजिन मिनिटाला पावणेतीन हजारांच्या वर फिरतंय आणि 60 ला तेहतीसशेच्या पुढे. या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना लगाम घालणारा भाग, 3600 ला हात आखडतो. तेव्हा ओरडणार नाही तर काय करेल?

तुम्ही लिहिता, "आबांचं इथे चुकलं." तिथे मी थांबलो. ही गाडी बनली तेव्हा काय वाहायची, हे तुम्हीच पुढच्या पानावर लिहिलंय : कापसाची दोन पोती, कधी पाणबुडी मोटार, मागे आई. चिखलाच्या शिवरस्त्यावरून, ताशी पंचवीस-तीसने. त्या कामाला 6.65 हे प्रमाण अगदी बरोबर आहे. मी आयटीआयत डिझेल मेकॅनिकच्या पोरांना एकोणीस वर्षं शिकवलं, मला हे गणित दिलं असतं तर मीही 16 दातच लावले असते. चूक आबांची नाही. गाडीचं काम बदललं आणि दात तेवढेच राहिले. आबांशी बोलताना हे वाक्य आधी बोला. बाकीची निम्मी अडचण तिथेच सुटेल असं मला वाटतं, पण ते शेवटी.

गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट 16 ऐवजी 18 केलं की प्रमाण 5.91 वर येतं. ताशी 50 ला इंजिन अडीच हजारांच्या आत. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत, पण अंगावर बऱ्यापैकी ओझं घेऊन चालतं तेव्हा थेंब-थेंब वसूल करतं. हलक्या ओझ्यावर नुसतं फेकलं की स्वतःच्याच घर्षणात डिझेल जाळतं. किंमत एवढीच की चाकाला मिळणारी ओढ साधारण 11 टक्क्यांनी घटेल. अंबाजोगाईच्या वाटेवर एकट्या माणसाला ते जाणवायचंही नाही. डबलसीट मांजरसुंब्याचा घाट चढायचा झाला तर एक गिअर खाली यावं लागेल. 20 दात लावायचा मोह मात्र टाळा. सात-आठ अश्वशक्तीचं इंजिन आहे, समोरून वारा आला की टॉप गिअरमध्ये धापा टाकेल, काळा धूर सोडेल आणि ॲव्हरेज उलट पडेल.

आणि इथेच ती गाठ आहे, जी तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न म्हणून आली आहे. तुमचा डायनॅमो पट्ट्यावर इंजिनाबरोबर फिरतो. इंजिनचे फेरे 11 टक्के कमी झाले की त्याच वेगाला डायनॅमोही 11 टक्के हळू फिरणार. आज तो खड्ड्यात दम तोडतो. उद्या सरळ रस्त्यावरही तोडेल. ॲव्हरेजचा इलाज आधी केलात तर उजेड जाईल. म्हणून क्रम उलटा : आधी लाइट, मग दात.

लाइटबद्दल तुमचा समज असा की वॅट वाढवले की उजेड वाढतो. वाढतो, पण वॅट आणायचे कुठून? 72 वॅटची पट्टी म्हणजे 12 व्होल्टला सहा ॲम्पियर. डायनॅमो कमी फेऱ्यांत तेवढे देत नाही, मग उरलेले बॅटरी देते, आणि बॅटरी तिसऱ्या रात्री हात वर करते. तुमच्याकडे झालं ते हेच. शिव्यांचं म्हणाल तर ते लोक चुकीचे नव्हते. त्या पट्टीला डिप्पर नसतो, उजेडाला वरची कड नसते. समोरच्याच्या डोळ्यात सगळा मारा. तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येणार. पट्टी काढा. शेतात रात्री मोटार चालू करायला जाताना हवी तर वेगळ्या स्विचवर राहू द्या, डांबरी रस्त्यावर नको.

नवीन काही घेण्याआधी वीस रुपयांची वायर आणि अर्धा तास खर्च करा. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या मागच्या टोकांवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तुमचा उजेड वायरिंग खातंय. साध्या हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड दहा टक्के कमी होत नाही, तीस टक्के कमी होतो. पंधरा वर्षं जुनी वायर, गंजलेला स्विच आणि रंगावर कसलेलं अर्थिंग यातच कित्येकांचा अर्धा हेडलाइट मेलेला असतो. इलाज जुनाच : बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), रिलेपासून जाड वायरने बल्ब, जुना स्विच फक्त रिले चालवेल. अर्थिंगची वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. वायर पिळून वर टेप गुंडाळायची आपली सगळ्यांची सवय आहे, ती या गाडीला चालत नाही. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन थरथरून ती पिळ सोडवतं. टर्मिनल दाबून बसवा आणि वायर सांगाड्याला बांधा.

याच थरथरीमुळे तुमचे बल्बही दर दीड-दोन महिन्यांनी जात असणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जात असणार. फिलामेंट तुटतं. म्हणून तुमच्या गाडीला एलईडीच योग्य, फक्त जुन्या परावर्तकात खुपसायचा एलईडी बल्ब नाही. तो परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो, एलईडीचे ठिपके तिथे नसतात, उजेड सैरावैरा पसरतो. बुलेटचा हेडलाइट सात इंची आहे. त्या मापाचं अख्खं एलईडी युनिट घ्या, अप्पर-डिप्पर वेगळे असलेलं, मानांकनाचा शिक्का असलेलं. वीस-पंचवीस वॅटमध्ये 55 वॅटच्या हॅलोजनच्या तोडीचं काम होतं. डायनॅमोवरचा भार निम्म्याहून कमी झाला, म्हणजे कमी फेऱ्यांतही तो पुरा पडायची शक्यता वाढली. तरीही बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसत नसतील, तर डायनॅमोला निवृत्त करा. लहान कारचा जुना अल्टरनेटर हलका असतो आणि कमी फेऱ्यांत चार्ज करतो. तो इंजिनची ताकद खाईल अशी भीती नको. जेवढी वीज मागाल तेवढीच ताकद तो घेतो. 60 वॅट मागितले तर पट्ट्याचं नुकसान धरूनही सव्वाशे वॅटच्या आसपास, म्हणजे एका अश्वशक्तीचा सहावा हिस्सा.

युनिट बसलं की गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी करा. तुम्ही स्वतः बसा, मुलीला मागे बसवा. स्प्रिंग दबल्यावरच खरा कोन कळतो. डिप्परच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दोनेक इंच खाली पडली पाहिजे. आणि मागचा दिवा, ब्रेकलाइट, लाल रिफ्लेक्टर? पत्रात त्यांचा शब्दही नाही. पुढचं दिसावं म्हणून आपण हजारो घालतो आणि मागून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून पन्नास रुपयांची चमकणारी पट्टी लावत नाही.

तुमचा पट्टा मांजरेच्या काठचा, उसाचा. दिवाळीनंतर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, एखादी पंक्चर होऊन रस्त्यातच सोडलेली. हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त एक हिशेब बघा. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक, त्यावर जड डिझेल इंजिन. ताशी 60 ला ट्रॉली दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण 60 मीटर जातात. दीड सेकंद तर माणूस दचकण्यातच घालवतो. डिप्परचा कामाचा उजेड चाळीसेक मीटर. म्हणजे ट्रॉली दिसेपर्यंत ती टाळायची वेळ गेलेली असते. ताशी 45 ला तेच अंतर चाळीसच्या आत येतं.

गंमत म्हणजे ॲव्हरेजचा सगळ्यात मोठा इलाजही हाच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 60 वरून 50 वर आलात तर दर किलोमीटरला इंजिनला करावं लागणारं काम जवळपास पाचव्या भागाने घटतं. यासाठी पाना लागत नाही. 28 किलोमीटरला सहा मिनिटं जास्त लागतील.

बाकी ॲव्हरेजचं थोडक्यात. 52 हा आकडा तुम्ही कसा काढला? एकदा टाकी भरून, की पंपावरच्या अंदाजाने? टाकी काठोकाठ भरा, तीनदा, त्याच पंपावर, आणि तिन्हींची सरासरी घ्या. गाडी मेन स्टँडला लावून चाकं हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर कुठलाही दात कामाचा नाही. मागच्या टायरला 28 ते 30 हवा. चेन बोटाने इंचभर हलली पाहिजे. तुमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ पाहता एअर फिल्टर आठवड्याला बघा. तेलाचा असेल तर गाळ साचलेलं तेल बदला. इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारं नोझल मात्र घरी तपासू नका. पंप-नोझलच्या दुकानात टेस्टरवर लावून घ्या, फवारा धुक्यासारखा येतो की थेंब टपकतात ते लगेच दिसतं. तो फवारा कधीही हाताने अडवू नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, वर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आतून बोट सडतं. माझ्या एका विद्यार्थ्याचं अर्धं बोट असंच गेलं. पंपाखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून टायमिंग पुढे घेण्याचा, म्हणजे डिझेल जरा आधी फवारण्याचा, सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. ठोका वाढेल, पिस्टन तापेल, ॲव्हरेज वाढेलच असं नाही. शिम आहेत तशा राहू द्या, आबांनी त्या कानाने लावल्या असतील.

ॲव्हरेज वाढवायला हायड्रोजन किट, चुंबक, डिझेलमध्ये रॉकेल : नाही, नाही आणि नाही. पाण्यातून हायड्रोजन काढायला वीज लागते, ती याच डायनॅमोतून येणार. रॉकेलने पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, कोरडा पडतो. करडीच्या तेलाचं विचारलंत ते मला आवडलं. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, म्हणजे कल्पना वेडगळ नाही. पण करडीचं तेल डिझेलपेक्षा महाग आहे, घट्ट आहे, नोझलवर राळ बसवतं. ते पिठल्यावरच बरं.

आता हे सगळं कशासाठी, ते एकदा मांडून बघू. महिन्याला 25 दिवस, रोज 56 किलोमीटर, म्हणजे 1400. आज 52 ने 27 लिटर डिझेल. नव्वद रुपये लिटर धरलं तर 2400 च्या आसपास. सगळं जमून 65 झालं तर 1950. साडेचारशे-पाचशे रुपये वाचले. आता कंपनीची साधी 100 सीसीची पेट्रोल गाडी घ्या, तीही 65 देते. पेट्रोल 105 धरलं तर महिन्याला साडेबावीसशे. तुमच्या सुधारलेल्या डिझेल बुलेटपेक्षा फक्त तीनशे रुपये जास्त. डिझेलचं कौतुक मलाही आहे. रॉयल एनफिल्डने स्वतः टॉरस नावाची डिझेल गाडी विकली होती, 325 सीसी, साडेसहा अश्वशक्ती. तिच्या ॲव्हरेजच्या गप्पा अजून मारल्या जातात. पण पैशाचं कारण देत असाल तर ते तीनशे रुपयांचं आहे, हे माहीत असू द्या.

आणि हे तीनशे रुपये कशाच्या बदल्यात? टॉरसच्या आरसी बुकात इंधन डिझेल लिहिलेलं असतं. तुमच्यात पेट्रोल लिहिलंय, इंजिन नंबरही त्या जुन्या इंजिनचा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, गावात कोण विचारतं, हे मलाही कळतं. विम्याचं बघा. अंधारात कुणाला धक्का लागला, पंचनाम्यात डिझेल इंजिन निघालं, तर विमा कंपनी हात झटकायला बघेल. मग भरपाईसाठी शेत विकायची वेळ येते आणि ते शेत आबांचंच असतं. आबांसारख्या जुन्या पिढीच्या मिस्त्र्यांनी बनवलेल्या गाड्या चालवणाऱ्या इतर वाचकांनाही हे लागू आहे : सांगाडा, इंजिन आणि इंधन कागदाशी जुळत नसेल तर गाडी स्वतःच्या शिवारात ठेवा.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. मुलीला या गाडीवर अंबाजोगाईला नेऊ नका. तिच्यासाठी एसटी आहे, पासही मिळतो. नाहीतर तुमच्या नोकरीसाठी कागद साफ असलेली एखादी जुनी 100 सीसी घ्या. डिझेल बुलेट शेतावर जाऊ द्या, जिथे ती मुळात जायची. तिथेही रात्री मोटार चालू करायला जावं लागतं, म्हणून लाइटचं काम वाया जाणार नाही. तुम्ही हे ऐकणार नाही अशी शंका मला आहे, म्हणूनच दात आणि रिले एवढं सविस्तर लिहिलं. चालवणारच असाल तर दिसेल आणि थांबेल अशी तरी चालवा.

आबांचं राहिलं. त्यांना 'गाडी सुधारायची आहे' असं सांगू नका. ज्याने गाडी जन्माला घातली त्याला ते 'तुमचं पोर बिघडलंय' असंच ऐकू येणार. काम विचारा. "आबा, दोन पोत्यांसाठी 16 लावले होते ना? एकट्यासाठी किती लावले असते?" मग गप्प बसा. मिस्त्री माणूस या प्रश्नावर गप्प राहू शकत नाही. टायमिंगचा, शिमचा निर्णय त्यांच्यावर सोडा. डोळ्यांना कमी दिसत असेल तरी ठोका कानाने कळतो. मल्टिमीटर तुम्ही धरा, आकडा त्यांना वाचून दाखवा.

आणि जुनं 16 दातांचं स्प्रॉकेट भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून आबांच्या पेटीत ठेवा. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला आला की चेनचा ताण जुळवून तासाभरात परत चढवता येईल.